वायरलेस कीबोर्डला कॉम्प्युटर भलतंच काहीतरी समजतोय? कारणं आणि उपाय

कीबोर्ड नवा आहे, सेल नवे आहेत, दिवाही लुकलुकतोय. पण कॉम्प्युटर त्याला माऊस म्हणतो. किंवा ब्लूटूथच्या यादीत त्याच्यापुढे हेडफोनचं चित्र येतं, किंवा नुसतं 'अननोन डिव्हाइस'. कधी ओळख बरोबर होते, पण @ दाबलं की " उमटतं. कधी आवाज कमी-जास्त करायची बटणं चालतात आणि अक्षरं मात्र एकही नाही. हे सगळे एकाच घराण्यातले आजार आहेत: कीबोर्डने स्वतःबद्दल जे सांगितलं आणि कॉम्प्युटरने जे ऐकलं, त्यात फरक पडलाय.

बहुतेक वेळा हे घरी बसून, एक पैसा खर्च न करता दुरुस्त होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्यांना दुकान चार पावलांवर आहे त्यांचं ठीक. आमच्या गगनबावड्याहून कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर. एका कीबोर्डसाठी भर पावसात एसटीने जाऊन यायचं, आणि दुकानदाराने तिथे लावून दाखवला तर तो व्यवस्थित चालणार! मग घरी आणल्यावर पुन्हा तेच. म्हणून दोष कीबोर्डमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये, हे आधी घरीच ठरवायला शिका.

कीबोर्ड आपली ओळख कशी सांगतो?

कीबोर्ड जोडला की तो कॉम्प्युटरला एक छोटं ओळखपत्र देतो. यूएसबीच्या जगात कीबोर्ड, माऊस, गेमपॅड या सगळ्यांचा एकच वर्ग आहे, त्याला एचआयडी म्हणतात. त्या वर्गात मी नेमका कोण, हे आकड्यात सांगितलं जातं: कीबोर्ड असेल तर ६, माऊस असेल तर २. सोबत कंपनीचा नंबर (व्हीआयडी) आणि मॉडेलचा नंबर (पीआयडी) असतो. ब्लूटूथमध्येही असंच. आजकालच्या लो एनर्जी ब्लूटूथमध्ये कीबोर्डचा आकडा ९६१ आणि माऊसचा ९६२. यादीत दिसणारं चित्र बहुतेक याच आकड्यावरून ठरतं.

म्हणजे कॉम्प्युटर कीबोर्डला 'बघत' नाही, तो फक्त ओळखपत्र वाचतो. स्वस्तातल्या कीबोर्डमध्ये चिप बनवणाऱ्याने दिलेलं तयार सॉफ्टवेअर तसंच वापरलेलं असतं. त्यामुळे कीबोर्डचं नाव 'टू पॉइंट फोर जी माऊस' असं दिसू शकतं. नाव चुकीचं असून टायपिंग नीट होत असेल तर काहीही करू नका. नावाने काही अडत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही के दाबलं की कीबोर्ड 'के' हे अक्षर पाठवत नाही, तो '१४ नंबरचं बटण दाबलं' एवढंच सांगतो. त्याचं इंग्रजी के करायचं की मराठी इनस्क्रिप्टमधला 'क', हे कॉम्प्युटरमधली सेटिंग ठरवते. बटणावर काय छापलंय हे कॉम्प्युटरला कधीच कळत नाही. ओळखपत्रात देशाचा कोड लिहायला एक जागा आहे खरी, पण बहुतेक कंपन्या तिथे शून्य ठेवून मोकळ्या होतात.

पहिली तपासणी खिशातल्या फोनवर

तुमच्याकडे अँड्रॉइड फोन आहे ना? मग टेस्टिंगचं मशीन तुमच्याकडे आधीच आहे. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर आधी कॉम्प्युटरचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर तो मध्येच कीबोर्ड ओढून घेतो. मग कीबोर्ड फोनला पेअर करा. डोंगलवाला कीबोर्ड असेल तर ओटीजी अडॅप्टर लावून डोंगल थेट फोनमध्ये घाला. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि वापर नसेल तर ते काही मिनिटांनी आपोआप बंद होतं, तेवढं बघा.

आता नोट्स उघडून टाइप करा. सगळी अक्षरं नीट आली तर कीबोर्ड आणि डोंगल दोन्ही निर्दोष. घोळ कॉम्प्युटरमध्ये आहे. फोनवरही तोच प्रकार असेल तर कीबोर्ड, डोंगल किंवा सेल यांच्यातच काहीतरी आहे, मग विंडोज पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. या एका तपासणीने निम्मं काम होतं.

सेल आणि दमट हवा

हा भाग कोणी गांभीर्याने घेत नाही. गगनबावड्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की कपाटातल्या कपड्यांना वास येतो, तिथे सेलच्या पत्र्याचं काय होणार? सेलच्या टोकांवर किंवा स्प्रिंगवर पांढरट-हिरवट थर बसतो. वीज पोचते, पण अडखळत. मग कीबोर्ड सुरू होतो, ओळख सांगायला लागतो आणि मध्येच बंद पडतो. कॉम्प्युटरला अर्धवट ओळख मिळते आणि तो 'अननोन डिव्हाइस' म्हणून नोंद करून टाकतो.

सेल काढा. थर असेल तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा. अल्कलाइन सेलमधून गळणारा पदार्थ अल्कधर्मी असतो, व्हिनेगर त्याला शांत करतं. नंतर कोरड्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हाताला लागू देऊ नका, लागलं तर धुऊन टाका. आणखी एक गोष्ट: साध्या अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो, चार्जिंगच्या निकेल सेलचा १.२. काही कीबोर्ड १.२ वर कुरकुरतात. तेव्हा तपासणीपुरते तरी नवे अल्कलाइन सेल घाला, आणि एक जुना एक नवा असा संसार थाटू नका.

डोंगलवाल्या कीबोर्डचा घोळ

डिव्हाइस मॅनेजर उघडा (विंडोज आणि एक्स एकत्र दाबा, मग एम). एक डोंगल लावल्यावर तिथे चार-पाच नवीन नोंदी दिसल्या तर घाबरू नका. कीबोर्ड, माऊस, आवाजाची बटणं, स्लीपचं बटण अशा वेगवेगळ्या भूमिका एकच डोंगल सांगतो. त्यामुळे नुसता कीबोर्ड घेतला असला तरी 'एचआयडी-कंप्लायंट माऊस' अशी नोंद येणं नॉर्मल आहे. काळजी कधी करायची? माऊसची नोंद आहे, आवाजाची बटणं चालतात, पण 'कीबोर्ड्स'खाली नवीन काहीच नाही, किंवा असलं तरी त्यावर पिवळं चिन्ह आहे. म्हणजे डोंगलच्या बाकीच्या भूमिका लागल्या आणि मुख्यच राहिली.

अशा वेळी डोंगल काढा. व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' करा. फिकट दिसणाऱ्या नोंदी म्हणजे आता न जोडलेली, पण कधीतरी जोडलेली उपकरणं. त्यातल्या जुन्या एचआयडी कीबोर्डच्या नोंदी 'अनइन्स्टॉल' करा. एक सूचना: लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बहुतेक 'स्टँडर्ड पीएस/२ कीबोर्ड' अशा नावाने तिथेच असतो, त्याला हात लावू नका. अडकलाच तर विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून स्क्रीनवरचा कीबोर्ड मिळतो, आणि लॉगिनच्या पानावर तो ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हात असतो. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि डोंगल वेगळ्या पोर्टमध्ये लावा.

पोर्ट बदलायला सांगण्यामागे अजून एक कारण आहे. यूएसबी ३ च्या (बऱ्याचदा निळ्या) पोर्टमधून डेटा धावतो तेव्हा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, आणि डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. शेजारच्या पोर्टमध्ये हार्ड डिस्क लावली की कीबोर्ड अक्षरं गाळतो, ते यामुळे. यूएसबी २ चं पोर्ट वापरा किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरने डोंगल लांब आणा.

डोंगल हरवला तर? साध्या कीबोर्डची जोडी कारखान्यात जमलेली असते, दुसऱ्या कीबोर्डचा डोंगल चालत नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंग डोंगलवर मात्र सहा उपकरणं जोडता येतात. पण त्यांचा नंतर आलेला बोल्ट डोंगल वेगळा आहे; एकाचा कीबोर्ड दुसऱ्यावर लागत नाही. डोंगलवर छापलेलं चिन्ह बघूनच खरेदी करा.

ब्लूटूथ: जुनी नोंद काढल्याशिवाय गत्यंतर नाही

एकदा पेअर झालं की कॉम्प्युटर कीबोर्डचं ओळखपत्र जपून ठेवतो, दर वेळी नव्याने विचारत नाही. पहिल्या वेळी अर्धवट किंवा चुकीचं वाचलं असेल तर तीच चूक कायम राहते. म्हणून 'डिस्कनेक्ट' करून पुन्हा 'कनेक्ट' करण्यात अर्थ नाही. 'रिमूव्ह डिव्हाइस' करा, कीबोर्डच्या बाजूनेही पेअरिंगचं बटण दाबून धरून नवीन सुरुवात करा.

एक, दोन, तीन अशी बटणं असलेल्या कीबोर्डमध्ये आणखी गंमत असते. असे बरेच कीबोर्ड प्रत्येक नंबरवर वेगळा ब्लूटूथ पत्ता वापरतात. एक नंबरवर लॅपटॉप जोडलेला असताना चुकून दोन नंबरवर पुन्हा त्याच लॅपटॉपला जोडलात, तर लॅपटॉपच्या दृष्टीने ते दोन वेगळे कीबोर्ड. यादीत एकाच नावाची जुळी भावंडं दिसतात, त्यातलं एक कधीच कनेक्ट होत नाही. दोन्ही काढा, एकच ठेवा.

पेअर करताना सहा आकडी नंबर दिसला तर तो नव्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचं असतं. बरेच जण लॅपटॉपच्या कीबोर्डवर टाइप करतात आणि 'होतच नाही' म्हणतात. नंबर दिसलाच नाही आणि पेअरिंग फसलं, तर कॉम्प्युटरने त्याला कीबोर्ड म्हणून ओळखलेलंच नाही असं समजा. कॉम्प्युटरचा ब्लूटूथ ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून अपडेट करून पुन्हा प्रयत्न करा.

कॉम्प्युटर चालू होतानाच्या बायॉस स्क्रीनवर ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही. ती खराबी नव्हे. तिथे वायरचा किंवा डोंगलवाला लागतो.

ओळख बरोबर, अक्षरं चुकीची

@ आणि " यांची अदलाबदल झाली असेल, # च्या जागी £ येत असेल, तर कॉम्प्युटर तुमच्या कीबोर्डला ब्रिटिश समजतोय. भारतात मिळणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे असतात. विंडोज आणि स्पेसबार दाबून लेआउट बदलून बघा. बरोबर लेआउट सापडला की भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्रिटिशवाला काढूनच टाका, नाहीतर तो चुकून पुन्हा पुन्हा निवडला जातो. 'इंग्लिश (इंडिया)' ठेवलात तर उजवा आल्ट आणि ४ दाबून ₹ येतो, हा वरचा फायदा.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी इथे जरा थांबा. इनस्क्रिप्टमध्ये के वर क, एच वर प, डी वर हलन्त असतो, आणि 'ॉ' असतो तो उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर, म्हणजे एंटरच्या वर. छोट्या आकाराच्या वायरलेस कीबोर्डवर ते बटण हलवलेलं किंवा एफएनच्या मागे दडवलेलं असू शकतं. मग डॉक्टर, कॉलेज, कॉपी हे शब्द येता येत नाहीत आणि वाटतं की कीबोर्ड चुकीचा ओळखला गेलाय. खरं तर बटणच जागेवर नाही. जीसीसी-टीबीसीची किंवा दुसऱ्या कुठल्या टायपिंग परीक्षेची तयारी करत असाल तर माझं स्पष्ट मत: पूर्ण आकाराचा कीबोर्ड घ्या, वायरचा असला तरी चालेल. बोटांना बटणाच्या जागेची सवय लागते, परीक्षा केंद्रावर तुमचा देखणा छोटा कीबोर्ड नसतो. फक्त घरी वापरायचं असेल आणि इनस्क्रिप्ट जमत नसेल, तर विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: नवा कीबोर्ड लावला की मॅक 'डाव्या शिफ्टच्या उजवीकडचं बटण दाबा' असं विचारतो. त्यावरून तो मांडणी ठरवतो. तिथे भलतंच बटण दाबलं गेलं असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'चेंज कीबोर्ड टाइप' करून तोच प्रश्न पुन्हा विचारून घ्या.

नाव सोनूबाई: ॲपल म्हणवणारे कीबोर्ड

काही कीबोर्ड ओळखपत्रावर चक्क ॲपलचा कंपनी नंबर लावून येतात. कीक्रॉनची बरीच मॉडेल्स यासाठी प्रसिद्ध आहेत. मॅकवर मीडिया बटणं विनासायास चालावीत हा त्यातला फायदा. पण लिनक्सवर याचा परिणाम असा होतो की ॲपलच्या कीबोर्डसाठीचा ड्रायव्हर त्याचा ताबा घेतो, आणि एफ१ ते एफ१२ बटणं ब्राइटनेस-आवाजाची बटणं बनतात. एफ५ दाबून पान रिफ्रेश करायला जावं तर भलतंच काही होतं. उपाय त्या ड्रायव्हरच्याच सेटिंगमध्ये आहे: 'एफएन मोड' नावाचा पर्याय २ केला की एफ बटणं पुन्हा एफ बटणं होतात. कीबोर्डवर विंडोज-मॅक अशी सरकपट्टी असेल तर आधी ती बघा. कॉम्प्युटर विंडोजचा आणि पट्टी मॅककडे असेल तर आल्ट आणि विंडोज बटणांची अदलाबदल झालेली दिसते.

याच्या उलटही होतं, म्हणजे कीबोर्डच कॉम्प्युटरला चुकीचं ओळखतो. लॉजिटेकचा के३८० समोर विंडोज आहे की मॅक हे स्वतः ओळखायचा प्रयत्न करतो. चुकला तर एफएन आणि पी तीन सेकंद दाबून धरा, म्हणजे विंडोज-अँड्रॉइड. एफएन आणि ओ म्हणजे मॅक.

कीबोर्ड नसताना फोनला कीबोर्ड दिसतो

हा प्रकार फोनवर सर्रास होतो. व्हॉट्सॲप उघडलं, टाइप करायला गेलात, आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड वर येतच नाही. लोक फोन फॉरमॅट करायला निघतात. आधी ब्लूटूथची यादी बघा. सेल्फी स्टिकचं रिमोट, दुकानातला बारकोड स्कॅनर, प्रेझेंटेशनचा पॉइंटर, हे बरेचसे स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणूनच देतात. कारण त्यांना एखाद-दुसरं बटणच तर पाठवायचं असतं, त्यासाठी वेगळं ॲप कशाला? फोन म्हणतो, खराखुरा कीबोर्ड लागलाय, मग स्क्रीनवर जागा का अडवू? सेटिंगमध्ये 'फिजिकल कीबोर्ड' शोधा आणि 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवा' चालू करा. नाहीतर ते रिमोट यादीतून काढा.

कोणीही 'मी कीबोर्ड आहे' म्हटलं तर?

ओळखपत्रावर विश्वास ठेवण्याची ही पद्धत सुरक्षेच्या बाजूने लंगडी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी 'माऊसजॅक' नावाने दाखवून दिलं की अनेक नामांकित कंपन्यांचे डोंगल लांबूनच, जवळपास १०० मीटरवरून, फसवता येतात. नुसत्या वायरलेस माऊसच्या डोंगललाही कीबोर्डची बटणं पाठवता येत होती आणि कॉम्प्युटर ती मुकाट्याने स्वीकारत होता. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथमधली अशीच त्रुटी जाहीर झाली: अँड्रॉइड फोनचं ब्लूटूथ चालू असेल तर जवळचा कोणी तुमच्या परवानगीशिवाय कीबोर्ड म्हणून जोडला जाऊन बटणं दाबू शकत होता. अँड्रॉइड ११ ते १४ साठी ५ डिसेंबर २०२३ च्या सिक्युरिटी पॅचमध्ये दुरुस्ती आली. अँड्रॉइड १० आणि त्याआधीच्या फोनना ती मिळालीच नाही.

तुमच्या फोनची पॅच तारीख 'अबाउट फोन'मध्ये दिसते. ती याहून जुनी असेल आणि त्याच फोनवर यूपीआय वापरत असाल, तर एसटी स्टँड, कॉलेज अशा गर्दीत ब्लूटूथ बंद ठेवा. आणि यादीत न ओळखीचा 'कीबोर्ड' दिसला तर उत्सुकतेपोटी जोडू नका, काढून टाका.

परत करायचा ठरला तर

नवे सेल, साफ केलेली टोकं आणि दोन वेगवेगळे फोन, एवढं करूनही अक्षरं उमटत नसतील तर कीबोर्डच खराब. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत आधी बघा, ती थोड्या दिवसांचीच असते. फोनवर केलेल्या तपासणीचा व्हिडिओ काढून ठेवा, 'तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे' या उत्तराला तो पुरेसा पडतो. वायरलेस कीबोर्डसाठी भारतात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे खोक्यावर किंवा कीबोर्डच्या पाठीवर आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून बघा. विक्रेता ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोन करताना बिल आणि तो आर नंबर जवळ ठेवा.